ही प्रार्थना नेमकी कोणाची?



आपल्या हातून देवाची शांती इतरांपर्यंत पोहोचावी, अशी मागणी करणारी प्रार्थना आपल्यापैकी जवळजवळ सर्वांना पाठ आहे. लग्नाच्या मिस्साला आपण ती गातो, मयताच्या घरी म्हणतो, फ्रेम करून ओटीवर लावतो. खाली नाव असते संत फ्रान्सिस असिसीकर. मीही धर्मशिक्षणाच्या वर्गात वीसेक वर्षे ती याच नावाने शिकवली.

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, ही प्रार्थना संत फ्रान्सिसने लिहिलेली नाही असे मी वाचले. मग खरे काय?" मी तिला म्हटले, "भलतेसलते वाचत जाऊ नकोस," आणि खाली बसवले. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. शोधत गेलो, तेव्हा कळले की मुलगी बरोबर होती आणि मी चूक.

हकिगत अशी आहे. संत फ्रान्सिस ऑक्टोबर १२२६ मध्ये वारले. ही प्रार्थना छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसते ती डिसेंबर १९१२ मध्ये, पॅरिसहून निघणाऱ्या 'ला क्लोशेत' नावाच्या एका छोट्या फ्रेंच धार्मिक मासिकात. फादर बुकरेल हे त्याचे संपादक. प्रार्थनेखाली कोणाचेच नाव नव्हते. १९१६ साली, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या वृत्तपत्राने ती इटालियनमध्ये छापली आणि ती सर्वदूर गेली. युद्धाने पोळलेल्या लोकांना शांतीची प्रार्थना हवीच होती. त्यानंतर १९१८च्या सुमारास एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तिचे कार्ड छापले. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला संत फ्रान्सिसचे चित्र. त्यांनी ती संतांची आहे असे कुठेही म्हटले नव्हते. पण चित्र पाहणाऱ्याने ते गृहीत धरले आणि १९२० नंतरच्या दशकात नाव कायमचे चिकटले. ख्रिस्तियाँ रनू या फ्रेंच इतिहासकाराने २००१ साली या प्रवासावर आख्खे पुस्तक लिहिले. १९१२ पूर्वीचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही.

यात कोणी लबाडी केली नाही, हे ध्यानात घ्यावे. चुकीची माहिती पसरवायला दर वेळी खोटारडा माणूस लागतो असे नाही. एका भल्या माणसाने छापलेले कार्ड आणि ते विश्वासाने पुढे देणारी हजारो भली माणसे, एवढे पुरते. मदर तेरेजांनी डिसेंबर १९७९ मध्ये ऑस्लो येथे नोबेल व्याख्यानाच्या वेळी ही प्रार्थना सर्वांकडून म्हणवून घेतली, तीही संत फ्रान्सिसची म्हणूनच. सांगणारी व्यक्ती पवित्र असली म्हणून तिने सांगितलेले साल आणि नाव आपोआप बरोबर ठरत नाही. आणि साल चुकले म्हणून तिचे पावित्र्य उणावतही नाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात चूक कबूल केली. तेव्हा त्याच मुलीने दुसरा प्रश्न टाकला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. "मग संत फ्रान्सिसचे बाकीचे तरी खरे कशावरून?"

इथे आपण पुष्कळदा घसरतो. एक तर सगळे डोळे झाकून मानायचे, नाहीतर एक चूक सापडली की सगळेच झुगारून द्यायचे. दोन्हींत कष्ट नाहीत. खरे काम मधल्या जागेत आहे. ही माहिती कोणी लिहिली, घटनेनंतर किती काळाने लिहिली, त्याला ती कशी कळली, हे विचारत जायचे. संत फ्रान्सिसच्याच बाबतीत पाहू. असिसीच्या बासिलिकात चर्मपत्राचा एक लहानसा तुकडा जपून ठेवलेला आहे. १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावर फ्रान्सिसने आपला सोबती ब्रदर लिओ यांच्यासाठी त्यावर आशीर्वाद लिहिला आणि लिओने तांबड्या शाईत नोंद करून ठेवली की, हे फ्रान्सिसने स्वतःच्या हाताने लिहिले. याहून जवळचा पुरावा कोणता असणार? त्याखालोखाल थॉमस चेलानो यांनी लिहिलेले चरित्र. ते फ्रान्सिसला ओळखत होते आणि त्यांनी १२२८-२९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांत, पोप नववे ग्रेगरी यांच्या सांगण्यावरून ते लिहिले. संतचरित्र असल्यामुळे त्यात गौरवाचा सूर आहे, तो ओळखून वाचावे. गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट मात्र आपल्याला माहीत असलेल्या रूपात येते ती मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या संग्रहात. ती मुलांना जरूर सांगावी, मीही सांगतो. पण चर्मपत्राच्या आणि तिच्या वजनात फरक आहे, एवढे आपल्याला माहीत असावे.

अशी चौकशी करणे श्रद्धेला शोभत नाही, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांनी संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्या पुन्हा काढून पाहाव्यात. 'क' वर्षात सामान्यकाळातील तिसऱ्या रविवारी आपण त्या मिस्सात ऐकतो. आपल्याआधी इतरांनी लिहिले आहे, मूळ साक्षीदारांकडून ते आले आहे, आणि आपण सर्व काही मुळापासून नीट तपासून लिहीत आहोत, असे तो थियफिलला सांगतो. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये बिरुयाच्या लोकांची तो वाखाणणी करतो, तीही ते पौलाचे बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहत म्हणून. पौलासारख्याचे!

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याचा धडा आहे, थोडा कडू आहे. सम्राट कॉन्स्टन्टाईनने पश्चिमेकडील राज्याचा अधिकार पोपमहाशयांना दिला, असे सांगणारे एक दानपत्र शेकडो वर्षे खरे मानले जात होते. १४४० साली लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने त्यातील लॅटिन भाषा बारकाईने तपासली आणि दाखवून दिले की, त्यातले शब्द कॉन्स्टन्टाईनच्या काळचे नाहीतच. दस्तऐवज बनावट होता. त्याआधी १४३३ मध्ये कुसाचे निकोलस यांनीही त्यावर शंका घेतली होती, आणि ते पुढे कार्डिनल झाले. वाल्लालाही पुढे पोपच्याच कचेरीत नोकरी मिळाली. ख्रिस्तसभा त्याने बुडाली नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. मोबाईलवर 'पोप म्हणाले' असे सांगणारा संदेश आला की आपण तो तीस जणांना पाठवून मगच चहा घेतो. कधी म्हणाले, कुठे म्हणाले? व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर पोपमहाशयांची भाषणे आणि पत्रे तारखेनिशी मिळतात. तारीखही नाही आणि जागाही नाही असा संदेश हातातच थांबवावा. एखाद्या काढ्याने मधुमेह बरा झाल्याची साक्ष देणारी पुस्तिका घरात आली, तर साक्ष देणाऱ्याचे नाव-गाव पाहावे, पुस्तिका कोण विकतो ते पाहावे आणि गोळ्या बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मागे क्रूस छापलेला आहे म्हणून औषधाला गुण येत नाही. धार्मिक पुस्तकावर बिशपांची छपाईची परवानगी असते, तिचाही अर्थ नीट समजून घ्यावा. श्रद्धा आणि नीती यांच्या विरुद्ध त्यात काही नाही, एवढेच ती सांगते. आतील प्रत्येक साल तपासले आहे, असे ती सांगत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच दिला होता. त्याच्या शेवटी त्यांनी याच शांतीच्या प्रार्थनेच्या धर्तीवर एक नवी प्रार्थना लिहिली. मूळ प्रार्थनेला त्यांनी 'एक फ्रान्सिस्कन प्रार्थना' म्हटले, 'संत फ्रान्सिसची प्रार्थना' म्हटले नाही. नाव घेतलेल्या पोपनेच ही काळजी घेतली, याचे मला फार कौतुक वाटले.

या आठवड्याच्या वाडीतील प्रार्थनासभेसाठी प्रत्येक कुटुंबाने घरातले एखादे धार्मिक पत्रक किंवा पुस्तिका आणावी. त्यात सांगितलेली एक गोष्ट निवडावी आणि ती लेखकाला कशी कळली असेल, हे त्या कागदावरूनच सांगता येते का ते सर्वांनी मिळून पाहावे. लूक १:१-४ वाचून सुरुवात करावी.

राहिली आपली गीतपुस्तिका. नव्या आवृत्तीत त्या प्रार्थनेखाली 'लेखक अज्ञात, फ्रान्स, १९१२' असे छापावे, असे मी फादरांना सुचवले आहे. फादर म्हणाले, नाव काढू, पण संतांचे चित्र राहू द्या, लोकांना आवडते. सगळा घोटाळा चित्रापासूनच सुरू झाला, याची मी त्यांना आठवण दिली. विषय धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या सभेत येणार आहे.