मूत्रवाहिनीतील स्टेंट : कशासाठी आणि किती दिवस

मूत्रपिंडात तयार होणारे मूत्र मूत्राशयात पोचवणारी मूत्रवाहिनी ही सुमारे २५ ते ३० सेंटीमीटर लांबीची आणि अवघ्या तीन-चार मिलिमीटर व्यासाची स्नायुमय नळी असून, तिच्या भिंतीच्या लयबद्ध आकुंचनामुळे मूत्र थोडेथोडे खाली ढकलले जाते. या वाटेत खडा अडकला, बाहेरून एखाद्या गाठीचा दाब आला किंवा जुन्या जखमेमुळे नळी आक्रसली, तर मूत्र मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि हा अडथळा आठवडेच्या आठवडे तसाच राहिल्यास त्या मूत्रपिंडाचे कार्य कायमचे घटू शकते. अशा वेळी मूत्राला वाट मिळावी म्हणून आत ठेवली जाणारी, साधारण दोन मिलिमीटर जाडीची, मऊ प्लास्टिकची सच्छिद्र नळी म्हणजे स्टेंट. तिचे वरचे वेटोळे मूत्रपिंडात आणि खालचे मूत्राशयात राहत असल्याने ती सहसा जागची हलत नाही. महाराष्ट्रातील डॉक्टर तिला ‘डीजे स्टेंट’ म्हणतात, तर ब्रिटनमधील रुग्णालयांच्या कागदपत्रांत ती बहुधा ‘जेजे स्टेंट’ म्हणून नोंदलेली असते. हृदयाच्या रोहिणीत बसवल्या जाणाऱ्या जाळीशी मात्र तिची गल्लत होऊ नये, कारण ती जाळी कायम राहावी म्हणून बसवतात आणि ही नळी बहुतेक रुग्णांत पुढे काढण्यासाठीच बसवलेली असते.

स्टेंट टाकण्याचे सर्वांत तातडीचे कारण म्हणजे अडलेल्या मूत्रपिंडात झालेला जंतुसंसर्ग. तुंबलेल्या मूत्रात जंतू वाढू लागले की रक्तातून दिलेले प्रतिजैविक तिथे पुरेसे पोचत नाही, पू साठतो आणि काही तासांत संसर्ग सर्व शरीरात पसरून रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून कुशीत कळा आणि त्यासोबत थंडी वाजून ताप ही लक्षणे एकत्र दिसल्यास ती सर्वस्वी तातडीची स्थिती मानली जाते. अशा रुग्णात खडा फोडण्याचा प्रयत्न तेव्हाच केला जात नाही, कारण त्या खटपटीत जंतू रक्तात लोटले जाण्याचा धोका असतो. आधी स्टेंट टाकून, किंवा पाठीच्या बाजूने थेट मूत्रपिंडात नळी घालून, साठलेले मूत्र मोकळे केले जाते आणि संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी, खड्याचा बंदोबस्त होतो. स्टेंट टाकूनही खडा आतच कसा राहिला, हा नातेवाइकांना पडणारा प्रश्न या क्रमामुळे उद्भवतो. मूतखड्यावर उपाय म्हणून कुळथाचे कढण आणि पाषाणभेदाचा काढा यांवर मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या विश्वास आहे. कढण अन्न म्हणून घेण्यास सहसा हरकत नसली तरी ताप आलेला असताना काढ्याच्या भरवशावर रात्र काढणे हे मूत्रपिंडच नव्हे, तर जीवही गमावण्याचे कारण ठरू शकते.

ताप नसलेल्या साध्या मूतखड्यात मात्र स्टेंट लागतोच असे नाही, आणि याविषयी ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक सूत्रे पुरेशी स्पष्ट आहेत. बाहेरून ध्वनिलहरींचा मारा करून खडा फोडायचा असेल तर प्रौढ रुग्णाला त्यापूर्वी स्टेंट टाकू नये, आणि मूत्रवाहिनीतील २० मिलिमीटरपेक्षा लहान खडा दुर्बिणीने काढल्यानंतरही केवळ प्रथा म्हणून तो टाकू नये, असे ही सूत्रे सांगतात. नळीला इजा झाली असेल, सूज बरीच असेल, तुकडे मागे राहिले असतील किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर गणित बदलते. काही वेळा मूत्रवाहिनी इतकी अरुंद निघते की दुर्बीण वर जातच नाही. तेव्हा सक्ती न करता स्टेंट ठेवून परत फिरणे हेच शहाणपणाचे असते, कारण त्याभोवती नळी हळूहळू सैलावते आणि पुढच्या खेपेस काम सोपे होते.

खड्याखेरीज, गर्भाशयमुख, पुरःस्थ ग्रंथी किंवा आतड्याच्या कर्करोगाचा दाब, मूत्रवाहिनीच्या वरच्या टोकाचा जन्मजात अडथळा दूर करण्याची शस्त्रक्रिया, स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत नळीला झालेली इजा आणि मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण ही स्टेंटची अन्य कारणे आहेत. गरोदरपणात टाकलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर लवकर चढतात, म्हणून तो अनेकदा चार ते सहा आठवड्यांनी बदलावा लागतो.

स्टेंटचा त्रास किती होतो, याबाबत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या अंदाजांत दीर्घकाळ अंतर होते. ब्रिस्टल येथे एच. बी. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रुग्णांसाठी खास प्रश्नावली तयार केली व तिच्या आधारे केलेल्या अभ्यासात ७८ टक्के रुग्णांनी लघवीचे त्रासदायक विकार, तर ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी रोजच्या कामात आड येणाऱ्या वेदना नोंदवल्या. वारंवार आणि घाईची लघवी ही मूत्राशयातील वेटोळ्याच्या घर्षणाने होते. लघवी करताना कुशीत उठणारी कळ ही मूत्र नळीतून उलटे वर चढल्यामुळे येते. आणि चालणे वा श्रम वाढले की लघवी लालसर होणे हेही अपेक्षितच असते. टॅम्सुलोसिनसारख्या औषधांनी यातील बराच त्रास कमी होतो, त्यामुळे मुकाट सोसत राहण्यापेक्षा जीपीकडे (ब्रिटनमधील आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) किंवा मूत्ररोग विभागाकडे तो सांगणे योग्य.

एरवी काम, प्रवास, हलका व्यायाम आणि शरीरसंबंध यांना सहसा मज्जाव नसतो; स्टेंटचा दोरा बाहेर ठेवलेला असेल तर मात्र तो ओढला जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. पाणी भरपूर घ्यावे आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास त्या वर्षी टाळावा. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी अडली, तर रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर किंवा ब्रिटनमध्ये १११ वर त्वरित संपर्क साधावा. हुडहुडी भरून रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास ९९९ वरच फोन करावा.

शेवटचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग स्टेंट काढण्याचा आहे. दोरा असलेला स्टेंट काही दिवसांत ओढून काढतात. नसल्यास जागा बधिर करणारी जेल घालून लवचिक दुर्बिणीने तो काही मिनिटांत निघतो. साध्या प्लास्टिकचा स्टेंट बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो, अन्यथा त्यावर खड्यांचे कवच चढते, तो तुटू शकतो आणि दोन मिनिटांच्या कामासाठी मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात. स्टेंट काढायचा राहून जाण्याची ही विस्मृती ब्रिटनमधील मराठी कुटुंबांत एका विशिष्ट वाटेने शिरते : मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना येथे स्टेंट पडतो, आणि तो काढण्याची तारीख येण्यापूर्वीच ते पुण्याला वा नागपूरला परततात. इंग्लंडमध्ये अशा पाहुण्यांवरील आपत्कालीन विभागातील उपचार विनामूल्य असले तरी दाखल झाल्यानंतर राष्ट्रीय दराच्या दीडपट आकारणी होते, त्यामुळे उरलेला उपचार भारतात करण्याचा निर्णय अनेकदा रास्तच असतो. तातडीचा उपचार मात्र पैशांसाठी थांबवला जात नाही. अशा वेळी स्टेंट कोणत्या बाजूला आहे, केव्हा आणि कशासाठी टाकला, कोणत्या प्रकारचा आहे, खडा आत उरला आहे काय आणि तो कधीपर्यंत काढायचा, हे लिहिलेले पत्र रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मागून घ्यावे, आणि विमानाच्या तिकिटासोबतच भारतातील मूत्रविकारतज्ज्ञाची वेळही ठरवून ठेवावी.