माळकऱ्याचे ताट आणि अंगातील रक्त



कुही तालुक्यातील एका गावी सप्ताहाची सांगता झाली, काल्याचा प्रसाद वाटून झाला, तेव्हा एक वृद्ध माउली आम्हांपाशी आल्या. बरोबर त्यांची सून होती. पाचवा महिना, चेहरा पांढुरका, देवळाच्या पायऱ्या चढून तिला दम लागला होता. म्हातारबाई म्हणाल्या, "महाराज, हिच्या अंगात रगत नाही म्हनते डॉक्टर. नऊच भरले. शेजारच्या बाया म्हनते, अंडे-मटन चारा. मंग हिची माळ उतरवा लागते का?"

सून काही बोलली नाही. तिने गळ्यातील माळ मुठीत धरली होती. आम्ही विचारले, "गोळ्या मिळाल्या होत्या ना?" तेव्हा ती हळूच म्हणाली, "होत्या. पन त्यानं संडास काळी होते, मनून बंद केल्या."

हा प्रश्न त्या एका घरचा नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम रक्त कमी म्हणजे काय, ते पाहू. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते फुप्फुसातील प्राणवायू उचलून सर्व अंगाला पोचविते. ते बनविण्यास लोह लागते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी, आणि मग थकवा, धाप, चक्कर, कामात मन न लागणे हे सर्व मागोमाग येते. शंभर मिलिलिटर रक्तात पुरुषास निदान १३ ग्रॅम, स्त्रीस १२ आणि गर्भिणीस ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे. गर्भिणीस नऊ म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. बाळंतपणात थोडाही जास्त रक्तस्राव झाला तर अशा बाईच्या जिवावर बेतते, आणि मूलही कमी वजनाचे होण्याचा धोका असतो.

आता माळेचा दोष किती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या निम्म्याहून अधिक बाया काही सगळ्या माळकरी नव्हेत. मांस-मासळी खाणाऱ्या घरांतील बायाही त्यांत आहेत. तेव्हा "माळ घातली म्हणून रक्त गेले" हे बोलणे खरे नाही.

परंतु दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मांसातील लोह शरीरात जितके सहज मुरते, तितके धान्य-भाजीतील मुरत नाही. म्हणून ज्याने मांस सोडले, त्याने ताटाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. नुसते सोडून भागत नाही, त्या जागी काय मांडायचे तेही ठरवावे लागते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या प्रमाणाप्रमाणे पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या स्त्रीस २९. दर महिन्याला रक्त जाते, ते भरून काढायचे असते. आता आपल्या घरची पंगत आठवा. आधी पुरुष बसतात, मग मुले, आणि शेवटी बाई. तोवर वरणाचा गोळा संपलेला, भाजीचा रस्सा उरलेला. जिला सर्वांत जास्त लोह हवे, तिच्याच ताटात सर्वांत कमी पडते. हा दोष शाकाहाराचा नाही, वाढण्याचा आहे.

कुहीकडचा प्रदेश धानाचा व मिरचीचा. पांढऱ्याशुभ्र तांदळात लोह फार थोडे असते. भात सोडा असे आम्ही म्हणत नाही, पण भाताबरोबर काय आहे ते पाहा. मसूर, हरभरा, बरबटी, मूग, कुळीथ यांत लोह चांगले असते. ज्वारी-बाजरीची भाकर भातापेक्षा कितीतरी बरी. तीळ, राजगिरा, अळीव हेही उत्तम. लाल भाजी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी या फुकट वा स्वस्तात मिळणाऱ्या वस्तू आहेत. पालकाची कीर्ती मात्र त्याच्या गुणाहून मोठी झाली आहे, त्यातील लोह अंगी फारसे लागत नाही. गुळाचेही तसेच. गूळ चांगला, पण दोन खडे खाऊन रक्त भरत नाही.

कडधान्य रात्री भिजवून मोड आणून खावे. धान्याच्या सालीत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. मोड आले, किंवा आंबील-इडलीसारखे पीठ आंबले, की ती पकड ढिली होते.

सर्वांत सोपी युक्ती लिंबाची. क जीवनसत्त्व धान्य-भाजीतील लोह शरीराला घेता येईल अशा रूपात ठेवते. म्हणून वरणावर लिंबू पिळावे, जेवणात ओली मिरची-कोथिंबीर असावी, आवळा खावा. आणि नागपूरकडच्या माणसाला संत्र्याची आठवण आम्ही काय करून द्यावी! जेवणाबरोबरच एक संत्रे खाल्ले तर तेच काम होते. भाजी लोखंडी कढईत शिजविली, विशेषतः आंबट भाजी, तर कढईतील थोडे लोहही अन्नात उतरते. घराघरांत जर्मनची भांडी आली आणि लोखंडी कढई माळ्यावर गेली, ती खाली काढावी.

जे मिळविले ते घालविणारी वस्तू म्हणजे चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेल्या चहातील तुरट द्रव्य लोह अडविते. चहा सोडवत नसेल तर न सोडा, पण जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा.

एकादशीविषयीही एक शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पहाटेपासून चहा आणि रात्री साबुदाणा, असा उपवास महिन्यातून दोनदा अशक्त बाईने केला तर तिच्या हाती काही लागत नाही. फराळच करायचा तर राजगिरा, भगर, शेंगदाणे, रताळे आणि वर लिंबू असा करावा. गर्भिणी, बाळंतीण आणि आजारी माणूस यांच्यावर उपवासाची सक्ती कोणी करू नये.

येथवर ताटाचे झाले. पण रक्त एकदा नऊवर आले की नुसत्या ताटाने ते वेळेवर भरून येत नाही. तेथे गोळीच हवी. सरकारी दवाखान्यात गर्भिणीस चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस लोहाची गोळी फुकट देतात आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. कमतरता जास्त असेल तर डॉक्टर प्रमाण वाढवितात. शौचाला काळे होते ते न मुरलेल्या लोहाने, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री निजताना घ्यावी. पाण्याबरोबर वा लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, दुधा-चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियम लोहाला अडविते.

आता आमच्या विदर्भापुरती फार महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. आपल्या भागात सिकलसेल आहे. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व लवकर फुटतात. तो आई-बापांकडून येतो, कमी खाल्ल्याने नव्हे. अशा रुग्णास तपासणीवाचून वर्षानुवर्षे लोह देणे योग्य नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, तिच्यात ही तपासणी होते. दोघेही पतिपत्नी वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची चारांत एक अशी भीती असते. म्हणून पत्रिकेच्या आधी रक्ताचा कागद पाहावा, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

तसेच रोवणीच्या वेळी अनवाणी चिखलात उभे राहणाऱ्यांना, जेथे माणसे उघड्यावर शौचास बसतात तेथे, आकडेकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. त्यास जंताची गोळी लागते. गर्भिणीने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाजीत नसते. माळकऱ्याला ते मुख्यतः दूध-दही-ताकातूनच मिळते. दुभते सारे विकून घरात थेंबही न ठेवणे बरे नव्हे.

त्या माउलींना आम्ही इतकेच सांगितले, "माळ राहू द्या. गोळी उद्यापासून पुन्हा चालू करा, आणि सिकलसेल पाहिला आहे का, ते दवाखान्यात विचारा. महिन्याने रक्त पुन्हा तपासा. वाढले नाही तर डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन घ्या. त्याने व्रत मोडत नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "आजपासून हिचं ताट पयले लावतो."

आमचे सांगणे ज्या घरात असे ताट पहिले लागेल, त्या घरात पोचले असे आम्ही समजू.