शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा : स्टोमा-रुग्ण आणि परिचारिका

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, अपघातात आतड्यास झालेली इजा, विषमज्वर अथवा क्षय यांमुळे आतड्याला पडलेले छिद्र, अशा प्रसंगी रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी शल्यविशारदांना कित्येकदा आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून मलविसर्जनाची नवी वाट करून द्यावी लागते. या मुखास ‘स्टोमा’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘तोंड’ असाच आहे. मोठ्या आतड्याचे मुख असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे असेल तर इलिओस्टोमी आणि मूत्राची वाट अशा रीतीने वळविली असेल तर युरोस्टोमी, अशी त्याची नावे आहेत. गुदद्वार न उघडलेल्या नवजात बालकांवरही ही शस्त्रक्रिया करावी लागते. काही स्टोमा जन्मभराचे असतात. पुष्कळसे काही महिन्यांनी बंद करता येतात.

स्टोमाला आवळून धरणारा स्नायू नसतो. त्यामुळे मल केव्हा बाहेर पडेल यावर रुग्णाचा ताबा राहत नाही व पोटावर सतत पिशवी लावावी लागते. ती गळू लागली, वास येऊ लागला की मनुष्य प्रथम देवळात जाणे सोडतो, मग लग्नकार्यास जाणे, मग कामावर जाणे. घरात त्याचे ताट-पाणी वेगळे होते. रोग बरा झालेला असतो; परंतु माणूस मात्र घराच्या एका खोलीत अडकून पडतो. ही अवस्था टाळणे औषधाने होत नाही, ते कुशल परिचर्येने होते.

एका रुग्णाने घडविलेला व्यवसाय

या परिचर्येचा पाया एका रुग्ण स्त्रीने घातला. अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉर्मा गिल यांना मोठ्या आतड्याच्या व्रणांचा दीर्घ आजार होता. 1954 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांच्यावर इलिओस्टोमीची शस्त्रक्रिया केली. बरे झाल्यावर त्या स्वतःच्या अनुभवाच्या बळावर इतर रुग्णांना मदत करू लागल्या. हे पाहून टर्नबुल यांनी 1958 मध्ये त्यांना आपल्या रुग्णालयातच नेमले व 1961 मध्ये तेथे या विषयाचे प्रशिक्षण सुरू झाले. श्रीमती गिल या स्वतः परिचारिका नव्हत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे हे काम परिचर्येचीच एक विशेष शाखा बनले. 1978 साली या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची जागतिक परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यांनाच मिळाला. त्याआधी, 1954 मध्ये, डेन्मार्कमधील एलिस सोरेन्सन या परिचारिकेने आपल्या शस्त्रक्रिया झालेल्या बहिणीसाठी त्वचेला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली होती. आजच्या पिशव्या त्याच कल्पनेचा विस्तार होत.

महाराष्ट्राच्या वाचकांस कौतुक वाटावे असा एक धागाही या इतिहासात आहे. टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीच्या त्वचेचे रक्षण करण्यासाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक ज्या झाडापासून मिळतो तो कांडोळ, म्हणजे आपल्या कोरड्या डोंगरउतारांवर पांढरट सालीने दुरूनही ओळखू येणारा वृक्ष. भारत हाच या डिंकाचा प्रमुख पुरवठादार देश होता. आता त्याची जागा पेक्टिन, जिलेटिन इत्यादींपासून बनविलेल्या चकत्यांनी बहुतांशी घेतली आहे.

जागा ठरविण्याचे महत्त्व

प्रशिक्षित परिचारिकेचे काम शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होते. स्टोमा पोटावर नेमका कोठे असावा, ही खूण शाईने आधी करून ठेवली पाहिजे. रुग्णास निजवून, बसवून, उभे करून व वाकवून पोटाला कोठे घडी पडते हे पाहावे लागते. बेंबी, जुना व्रण, हाडाचा उंचवटा आणि कमरपट्ट्याची रेषा टाळावी लागते. शिवाय ती जागा रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. परदेशी पाठ्यपुस्तकांत पँटचा पट्टा सांगितलेला असतो. आपल्याकडे धोतराचा कासोटा, लुगड्याच्या निऱ्या व परकराची नाडी यांचा विचार करावा लागतो आणि मांडी घालून व उकिडवे बसविल्याखेरीज तपासणी पुरी होत नाही. नाडीखाली आलेला स्टोमा रोज गळतो व त्या गळतीचे खापर पुढे पिशवीवर फुटते. तातडीच्या शस्त्रक्रियेत एवढा अवधी मिळत नाही हे खरे. परंतु आधी ठरलेल्या शस्त्रक्रियेत ही दहा-पंधरा मिनिटांची तपासणी चुकविणे क्षम्य म्हणता येणार नाही.

त्वचा, पाणी आणि मीठ

निरोगी स्टोमा तोंडाच्या आतील त्वचेसारखा लालसर व ओलसर असतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते, पुसताना क्वचित थेंबभर रक्त आले तर घाबरण्याचे कारण नाही. तो काळसर वा जांभळा पडल्यास मात्र रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत असल्याने स्टोमाचा आकार लहान होत जातो. म्हणून प्रत्येक वेळी माप घेऊन चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. भोक सैल राहिले की त्वचा सोलवटते, सोलवटलेल्या त्वचेवर चकती चिकटत नाही आणि गळती वाढते. हे दुष्टचक्र बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असते. सफाईला साधे पाणी व मऊ कापड पुरते. स्पिरिट, जंतुनाशके, तेल व पावडर यांचा आग्रह नातेवाईक प्रेमापोटी धरतात, तो उपयोगाचा नाही. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी. आंघोळ करण्यास हरकत नसते.

इलिओस्टोमीच्या रुग्णास अधिक जपावे लागते. त्याचा मल पातळ असून त्यातील पाचकरस त्वचेस जाळतात. तसेच शरीरातील पाणी व मीठ सतत बाहेर जाते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या अशा रुग्णास चक्कर येणे, लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे होत. नुसते पाणी पाजून भागत नाही, जलसंजीवनी द्यावी लागते. निर्जळी उपवास त्याने करू नये. शेंगदाणे, मक्याचे दाणे व ओल्या नारळाचा चोथा नीट न चावता गिळल्यास मार्ग तुंबण्याचा संभव असतो.

त्याच परिचारिकेची इतर कामे

जखमा आणि मलमूत्रावरील ताबा हे विषयही आता याच शाखेत येतात. अमेरिकेतील संबंधित संस्थेने 1992 मध्ये आपल्या नावात या तिन्हींचा समावेश केला. पक्षाघात किंवा कण्याच्या दुखापतीने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलावी. माकडहाडावर किंवा टाचेवर दाबूनही न फिकटणारा डाग दिसला, तर तेथे शय्याव्रणाची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने उष्णता व कठीणपणा चाचपावा. अशा जागी चोळू नये. रबरी कड्यावर बसविणेही अपायकारक आहे. बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या अनेक स्त्रिया लाजेने पाणी पिणेच कमी करतात व दुखणे वाढवून घेतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा जो व्यायाम डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडला, तो घरच्या घरी करता येतो; पण तो शिकविणारी व्यक्ती गावात पोचली पाहिजे.

महाराष्ट्रातील सोयी आणि गावाची जबाबदारी

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा-रुग्णांसाठी क्लिनिक असून परिचारिकांना या शाखेचे प्रशिक्षणही मिळते. 1975 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेतून रुग्णांना मार्गदर्शन मिळते. नव्या रुग्णाला जुना रुग्ण भेटणे याचा परिणाम कोणत्याही व्याख्यानाहून अधिक होतो. रेल्वेच्या सवलतपात्र रुग्णांत ऑस्टॉमीच्या रुग्णांचा अंतर्भाव असून त्यांना मासिक व त्रैमासिक पासावर सवलत आहे. तालुक्याच्या ठिकाणी मात्र कुशल मार्गदर्शन दुर्मिळ आहे. रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाने व घरातील एका व्यक्तीने स्वतःच्या हाताने पिशवी बदलून दाखविल्याशिवाय त्यास सोडू नये, एवढा दंडक पाळला तरी निम्मी अडचण दूर होईल.

शाळेत असे मूल असेल, तर शिक्षकांनी त्यास न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मुभा द्यावी व पाण्याची सोय असलेले, आतून कडी लागणारे शौचालय त्याला उपलब्ध ठेवावे. मूल खेळू शकते. पोटावर थेट मार बसणारे खेळ तेवढे टाळावेत. प्रौढ रुग्णाने पहिले दोन महिने पाण्याचे हंडे, धान्याची पोती उचलू नयेत, अन्यथा स्टोमाशेजारी अंतर्गळ होण्याची भीती असते. रोजगाराची कामे वाटून देताना पंचायत सदस्यांनी हे लक्षात घ्यावे. वापरलेली पिशवी शौचालयात रिकामी करून, धुऊन, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावी. कचरा उचलण्याची व्यवस्था नसेल तेथे खोल पुरावी. ती शौचकूपात टाकल्यास कूप तुंबतो, आणि ओढ्यात टाकल्यास ती ज्याच्या घरची आहे हे गावाला कळते.