नुकसानभरपाई म्हणजे पुनर्वसन नव्हे

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव तेथील औद्योगिक वसाहतीमुळे राज्यभर परिचित झाले आहे. पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, जोडीला जनावरे आणि मेंढपाळी, यांवर येथील पिढ्या जगत आल्या. अशा भागात कारखाने यावेत, स्थानिक तरुणांना गावाजवळ रोजगार मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे. वसाहतीच्या विस्तारात जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्रही निश्चित करण्यात आले. परंतु कारखान्याचा पाया ज्या जमिनीत खोदला जातो, त्या जमिनीवर आदल्या हंगामापर्यंत कोणाची तरी पाभर चाललेली असते. धरण असो, कालवा असो, महामार्ग असो वा औद्योगिक वसाहत असो. जमीन गेल्यानंतर त्या कुटुंबाचे काय होते, हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचा इतिहास पारनेर तालुक्याला परका नाही. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथेच झाला. लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले ते मुळशीच्या सत्याग्रहामुळे, आणि तो सत्याग्रह होता धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. महाराष्ट्रातील पुनर्वसनाच्या विचाराची सुरुवात तेथून होते.

मुळशीचा धडा

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यातील मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे योजिले. जमिनीचे रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतांत चाचणीचे चर खणण्यास आरंभ झाला आणि मावळ्यांमध्ये असंतोष पसरला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. चढउतार होत हा लढा १९२४ पर्यंत चालला. अखेर धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

या लढ्यातील एक गोष्ट पुनर्वसनाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या मालकीच्या झालेल्या होत्या. सन १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार भरपाई मिळत असे ती कागदावरील हक्कदाराला. साहजिकच सावकारांचे लक्ष भरपाईचा दर वाढवून घेण्याकडे लागले, तर जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला ती सोडायचीच नव्हती. पैसा एकाकडे जाणार होता आणि घर दुसऱ्याचे बुडणार होते. विस्थापितांना दुसरीकडे वसविण्याची जबाबदारी त्या काळच्या कायद्याने कोणावरही टाकलेली नव्हती. भरपाई दिली की सरकारचे व कंपनीचे कर्तव्य संपत असे.

कोयनेचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत या प्रकल्पाच्या विजेचा वाटा मोठा आहे. या वेळी विस्थापितांना पर्यायी जमीन देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले, ही मुळशीच्या तुलनेत निश्चित प्रगती होती. तथापि पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. काम शासकीय आदेशांच्या आधारे चालले. खोऱ्यातील गावे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली. कोणाला जमीन मिळाली, कोणाला अंशतः मिळाली, कोण मिळण्याची वाट पाहत मूळ गावाच्या वरच्या डोंगरउतारावर राहिला, याची एकत्रित नोंद वेळीच पूर्ण झाली नाही.

परिणाम दूरगामी झाला. धरण पूर्ण होऊन अर्धशतक उलटल्यानंतर, सन २०१८ मध्येही, कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या मागणीसाठी कोयनानगर येथे ठिय्या आंदोलन करावे लागले. पात्र खातेदारांची संकलन यादी नव्याने तयार करणे हा तेव्हाही चर्चेचा मुख्य विषय होता. जे काम पहिल्या वर्षी काही महिन्यांत होऊ शकले असते, ते तिसऱ्या पिढीपर्यंत लांबले.

कायद्याची वाटचाल

'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीतून पुढे आली. राज्याने सन १९७६ मध्ये प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. पुढे सन १९८६ चा व त्यानंतर सन १९९९ चा अधिनियम आला. या कायद्यांचा गाभा एक आहे: ज्यांच्या जमिनी बुडतात त्यांचा भार ज्यांच्या जमिनी भिजतात त्यांनी वाटून घ्यावा. त्यासाठी लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून ठरावीक मर्यादेपलीकडील जमीन घेऊन ती विस्थापितांना देण्याची तरतूद झाली. नव्या गावठाणात पिण्याचे पाणी, शाळा, रस्ते, वीज, समाजमंदिर, गायरान, खळवाडी, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा पुरविणे बंधनकारक ठरले. शासकीय सेवेत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवण्यात आले.

आंतरराज्य प्रकल्पांतही हा विचार पुढे गेला. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी, ज्यांची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाते अशा खातेदार कुटुंबास किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन आणि सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, अशी तत्त्वे घालून दिली. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली.

केंद्राचा सन २०१३ चा भूमिसंपादन व पुनर्वसनविषयक कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि सन १८९४ चा कायदा रद्द झाला. ग्रामीण भागात बाजारमूल्याला एक ते दोन पट गुणक लावून त्यावर तितकीच दिलासा रक्कम देण्याची तरतूद त्यात आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भरपाईचा निवाडा आणि पुनर्वसनाचा निवाडा या दोन वेगळ्या बाबी म्हणून या कायद्याने मान्य केल्या. सिंचन प्रकल्पात जमीन पाण्याखाली जाण्यापूर्वी ६ महिने पुनर्वसन पूर्ण झालेले असावे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. राज्याने सन २०१८ च्या सुधारणेने काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम निर्धारणातून सूट देण्याची तरतूद केली. औद्योगिक वसाहतींसाठी तर महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ हा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून कोणत्या कायद्याखाली संपादन होत आहे, हे पहिली नोटीस हाती येताच पाहिले पाहिजे. पुढचे बरेचसे हक्क त्यावरच अवलंबून असतात.

पैसा का पुरत नाही?

भरपाईची रक्कम वाढली म्हणजे पुनर्वसन झाले, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. जमीन ही एकाच वेळी उत्पन्नाचे साधन, कर्जाचे तारण, म्हातारपणाचा आधार आणि घरातील प्रत्येकाला काम देणारी व्यवस्था असते. तिच्या बदल्यात आलेली रक्कम मात्र वारसांत वाटली जाते, जुने कर्ज फिटते, लग्नकार्य उरकते, घर बांधले जाते. दुसरी जमीन घ्यावी म्हटले तर प्रकल्पाच्या वार्तेनेच आसपासचे भाव चढलेले असतात आणि एकाच वेळी अनेक गिऱ्हाईक उभे राहतात.

राज्याच्या पुनर्वसन कायद्यातील एक तरतूद या दृष्टीने प्रत्येक खातेदाराला समजावून सांगितली पाहिजे. पर्यायी जमीन हवी असल्यास भरपाईच्या ६५ टक्के रक्कम शासनाकडे जमा करावी लागते. ज्याने ही गोष्ट वेळीच न कळल्यामुळे सर्व रक्कम खर्च केली, त्याच्या हातून जमिनीचा हक्कही निसटू शकतो. अज्ञानामुळे झालेले हे नुकसान कोणत्याही निवाड्यात भरून निघत नाही.

यादीबाहेर कोण राहते?

सातबारावर ज्याचे नाव आहे तो सहसा यादीत येतोच. प्रश्न इतरांचा असतो. बटाईने शेती करणारा, सालगडी, शेतमजूर स्त्री, गावातील सुतार-लोहार, गायरानात मेंढरे चारणारा मेंढपाळ, वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद न केलेली मुले, स्वतःच्या नावे काहीच नसलेली विधवा सून: जमीन गेल्यावर यांचीही उपजीविका जाते. संपादनापूर्वी ३ वर्षे त्या क्षेत्रावर मुख्यतः अवलंबून असलेल्या अशा भूमिहीन कुटुंबांना सन २०१३ च्या कायद्याने 'बाधित कुटुंब' मानले आहे. पण ते तसे अवलंबून होते, हे दाखविणारा कागद बहुधा त्यांच्यापाशी नसतो. मुळशीत जे झाले त्याचेच हे आजचे रूप होय.

नोंदीचे महत्त्व काळामुळे आणखी वाढते. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच निळवंडे धरणाचा विचार १९७० मध्ये पुढे आला. त्याचा डावा कालवा राष्ट्राला अर्पण झाला तो २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. मध्यंतरी ५३ वर्षे गेली. आरंभी तिशीत असलेला शेतकरी पाणी वाहू लागले तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा झाला. इतक्या अवधीत खाती फुटतात, वारस वाढतात, साक्षीदार जातात. अशा वेळी अद्ययावत नोंद हाच एकमेव पुरावा उरतो.

ग्रामपातळीवर काय करता येईल?

संपादनाची चाहूल लागताच ग्रामपंचायतीने थांबून न राहता पुढील कामे हाती घ्यावीत. प्रलंबित वारसनोंदी व वाटपाचे फेरफार पूर्ण करून घ्यावेत. घरोघर जाऊन भूमिहीनांसह सर्व कुटुंबांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या उपजीविकेचे साधन त्यात लिहावे. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात आणि ठरावासह इतिवृत्तात नोंदवावी. मेंढपाळीचे मार्ग, पाणवठे, गायरान यांचाही उल्लेख त्यात असावा. विहीर, झाडे, गोठा, जलवाहिनी यांची संयुक्त मोजणी होते तेव्हा खातेदार जातीने हजर असावा आणि मोजणीची प्रत त्याने मागून घ्यावी. राहून गेलेल्या झाडाची किंवा विहिरीची भरपाई नंतर मिळविणे फार कठीण जाते.

शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. नोटिशीतील भाषा सामान्य शेतकऱ्याला दुर्बोध असते. तिचा अर्थ, हरकतीची मुदत, अर्ज कोणाकडे करावयाचा, हे शाळेत एखादी सायंकाळ बोलावून समजावून सांगता येते. शाळेच्या हजेरीपटातील व दाखल्यातील नोंदी कुटुंब गावात किती वर्षे राहत आहे याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात.

अधिकाऱ्यांच्या बाजूने पाहता, ताबा घेण्याच्या तारखेइतकेच महत्त्व पुनर्वसन पूर्ण होण्याच्या तारखेस दिले गेले पाहिजे. नव्या गावठाणात आधी पाणी येते की आधी माणसे, यावर त्या गावाची पुढील अनेक वर्षे ठरतात. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या सातबारावर पुनर्वसनासाठी पडलेले शेरे वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो. म्हणून जमीन-वाटपाचे काम मुदतीत संपविणे विस्थापिताच्या हिताचे आहे, तसेच ते लाभधारकाच्याही हिताचे आहे.

मुळशीत कायद्याने विस्थापिताला ओळखलेच नाही. कोयनेत ओळखले, पण त्याची नोंद अपुरी राहिली. आज कायदा आहे, अनुभवही आहे. सुप्यासारख्या गावात कारखान्याच्या दारी उभा राहणारा तरुण हा बहुधा त्याच जमिनीवर वाढलेल्या कुटुंबातील असतो. त्याच्या कुटुंबाचे नाव यादीत आहे किंवा नाही, हे जमिनीचा ताबा दिला जाण्यापूर्वी त्याच्या गावाने पाहिले पाहिजे. त्यासाठी निधी लागत नाही. लागते ते वेळेवर भरलेली ग्रामसभा आणि नीट लिहिलेले इतिवृत्त.