खाकी कँपबेल बदक : गुण आणि उणीव

शिरूरजवळ घोड नदी व दौंडजवळ भीमा वाहते. या नद्यांच्या डोहांत, चोंचीच्या टोकाशीं पिवळा व मुळाशीं तांबडा ठिपका असलेलें 'हळदी-कुंकू' बदक पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. मॅलार्ड नांवाचें रानबदक हें त्याचें जवळचें भाऊबंद. मस्कोव्ही जात वगळल्यास सारीं पाळीव बदकें या मॅलार्डचीच वंशज होत. त्यांपैकीं अंड्यांकरितां नांवाजलेल्या खाकी कँपबेल जातीचा आज आपण परिचय करून घेऊं.

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत ॲडेल कँपबेल नामक बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार करण्यास आरंभ केला. इंडियन रनर जातीची मादी अंडीं पुष्कळ देई, परंतु अंगानें किरकोळ. म्हणून थोराड रूआं नराशीं तिचा संकर करून त्यांत पुढें मॅलार्डचें रक्त मिसळलें. लष्करी गणवेशासारख्या रंगावरून 'खाकी' हें नांव पडलें.

पूर्ण वाढलेल्या बदकाचें वजन सुमारें २ किलो भरतें. नराच्या शेपटीवरील पिसें वर वळलेलीं असतात व त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्यानें ओरडते ती मादी. उत्तम निगा राखल्यास मादी वर्षास २५० ते ३०० अंडीं देते. तीं बहुधा सकाळीं ९ च्या आंत घालते. तोंवर तिला खुराड्यांत ठेवावें, नाहींतर अंडीं ओढ्यांत वा शेतांत हरवतात.

पोहण्याकरितां तळें हवेंच असें नाहीं. मात्र पिण्याचें भांडें चोंच पुरती बुडेल इतकें खोल असावें, कारण बदक त्यांतच नाकपुड्या धुतें. म्हणून शिरूर तालुक्यांतील कमी पावसाच्या गांवींही हें बदक पाळतां येईल.

आतां उणीव. अंड्यांचा गुण वाढवितांना या जातीची उबविण्याची उपजत बुद्धि बहुतेक लोपली. अंडीं खुडूक कोंबडीखालीं ठेवावीं. पण कोंबडीचीं अंडीं २१ दिवसांत फुटतात, बदकाचीं २८ दिवसांनीं. म्हणून नुकतीच खुडूक झालेली कोंबडीच निवडावी.

पिलांचा मोठा वैरी म्हणजे बुरसलेली भुईमुगाची पेंड. १९६० सालीं इंग्लंडांत अशा पेंडीमुळें लाखावर टर्की पक्षी मेले. बदकांचीं पिलेंही दगावलीं. बुरशीचें हें विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत बिघडवितें आणि शिजविल्यानेंही पुरतें नष्ट होत नाहीं. पावसाळ्यांत ओल लागलेली पेंड स्वस्त मिळाली तरी पिलांना घालूं नये. ज्या जातीस आईची माया उरली नाहीं, तिच्या पिलांची आई पाळणाऱ्यानेंच व्हावयास हवें.