न दुखणारी जखम

मी कुडाळची, कृषी पदवी दापोलीची. पावसाचं मला कुणी वेगळं काय सांगणार, अशा समजुतीत मी कोस्टा रिकात उतरले. तुरियाल्बाच्या खोऱ्यात शाश्वत शेतीचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं. निघण्याआधी तिथल्या पावसाचा आकडा पाहिला होता, वर्षाला साधारण 2600 मिलिमीटर. आमच्या सिंधुदुर्गात याहून जास्त पडतो. मनातली धास्ती तिथेच गेली, आणि चूकही तिथेच झाली.

आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो. दिवाळीच्या सुमारास ऊन तापतं, पांघरुणं अंगणात पडतात, पायाच्या चिखल्या बऱ्या होतात. तुरियाल्बात तोच पाऊस वर्षभर वाटून पडतो. कशालाही सुकायला सवड मिळत नाही. महिनाभरात माझ्या वह्यांचे पुठ्ठे, चपलांचे पट्टे, कपाटातले कुडते, सगळ्यांवर बुरशी चढली.

झाडं मात्र ओळखीची निघाली. तिथे कॉफीला सावली पोरोची, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या भाऊबंदाची. त्याच्या फांद्या वरचेवर छाटून पाला कॉफीच्या बुंध्याशी टाकतात, त्यातून नत्र मिळतं. कुंपणाला मादेरो नेग्रो, म्हणजे आपलं गिरिपुष्पच. ओळखीचं दिसलं की माणूस विचारायचं थांबतो. मी थांबले.

माझं काम कोकोच्या बागेत होतं. मोनिलिया नावाचा बुरशीचा रोग 1970च्या दशकाच्या अखेरीस या देशात शिरला आणि कॅरिबियन किनाऱ्याकडच्या कोकोच्या बागाच्या बागा त्याने ओस पाडल्या. फळ बाहेरून धडधाकट दिसतं, आत मात्र नासलेलं असतं. मग सालीवर तपकिरी डाग येतो, डागावर पांढरी साय धरते आणि तिची पिठासारखी भुकटी होते. त्या वेळी फांदीला नुसता धक्का लागला तरी ते पीठ धुरासारखं उडतं आणि शेजारची झाडं धरतं. म्हणून दर आठवड्याला ओळीन् ओळ फिरायचं आणि डाग दिसला की, पांढरं व्हायच्या आत, फळ कापून खाली पाडायचं. ती फेरी मी एकदाही चुकवली नाही.

ऑक्टोबरात उजव्या नडगीवर डास चावल्यासारखी एक लाल पुळी आली. नोव्हेंबरात ती फुटली. घरून नेलेलं मलम लावलं, हळद लावली, वर पट्टी बांधून गमबुटात पाय घातला. डिसेंबरात तिचा रुपयाएवढा गोल व्रण झाला होता. कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, आत ओलसर लाल. दुखत मात्र काडीचंही नव्हतं. दुखत नाही म्हणून मी कुणाला दाखवला नाही. खरं तर आणखीही एक कारण होतं. माझ्या स्पॅनिशमध्ये मातीचे, खतांचे, रोगांचे शब्द भरपूर होते, पण स्वतःच्या अंगाविषयी डॉक्टरांशी बोलायला शब्द नव्हते. त्याची मला लाज वाटायची.

एके दिवशी बागेत पट्टी सुटली. आमच्याबरोबर एक वयस्कर कामगार असत, सगळे त्यांच्या नावाआधी आदराने ‘दोन’, म्हणजे आपलं ‘श्रीयुत’, लावायचे. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘ले दुएले?’ दुखतं का? तिकडे ओळखीपाळखीतही ‘उस्तेद’ म्हणजे आपल्यासारखं अहो-जाहो चालतं, मुलीच्या वयाच्या मलाही ते तसंच बोलायचे. मी मान हलवली, नाही दुखत. त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘पापालोमोयो.’ आणि स्वतः मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

पापालोमोयो म्हणजे त्वचेचा लेश्मानियासिस, आपल्याकडच्या काळाआजाराच्या कुळातला. वाळूमाशी चावून होतो. ही माशी डासाहून लहान, आवाज न करणारी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरणारी. आणि मी संध्याकाळी बाग सोडली की गमबूट काढून, पँट दुमडून ओढ्याकाठी बसायची. वीस दिवस रोज एक इंजेक्शन घ्यावं लागलं. दुसऱ्या आठवड्यात सांधे असे धरले की जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. महिनाभर आधी गेले असते तर व्रण निदान लहान असता.

तुमच्यापैकी कुणी उष्ण कटिबंधातल्या ओल्या मुलखात शेती शिकायला निघालं असेल, तर माझं एवढं ऐका. जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही ती दाखवा, आणि दुखत नसेल तर आधी दाखवा. दाखवायची डॉक्टरांना, पण त्याआधी बागेतल्या जुन्या माणसालाही, कारण त्याने असे पाय पाहिलेले असतात. भाषा शिकताना पिकांच्या नावांआधी अंगाची नावं शिका. विमा कधीपासून लागू होतो ते निघण्याआधी लेखी विचारून घ्या. गमबूट गुडघ्यापर्यंतचे आणि दोन जोड ठेवा, म्हणजे एक वाळेल. घालण्याआधी उलटे करून झटका. तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप त्या बागांमध्ये पाल्यातच पडून असतो, म्हणून पाला हाताने कधीही उचलू नका. संध्याकाळी अंगभर कपडे घाला, कितीही उकडलं तरी.

आणि घरी खरं सांगा. तिथे रात्रीचे साडेसात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात. आई चहा ठेवत असताना मी रोज फोन करायची आणि रोज ‘बरी आहे’ म्हणायची. बाराव्या इंजेक्शनानंतर पहिल्यांदा खरं सांगितलं. पलीकडे चहा उकळत असल्याचा आवाज येत होता. ती रडेल, परत ये म्हणेल, याची मला भीती होती. ती म्हणाली, ‘तू आधी पायाचो फोटो धाड, मगे बोल.’