चाललं की पोटरीत गोळा येतो

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेही आहेत, विडी ओढतात. दोनशे पावलं चालले की पोटरीत गोळा येतो. थांबले की दोन-तीन मिनिटांत ओसरतो. वयाचं दुखणं समजावं का?

उत्तर : वयावर ढकलू नका. ही बहुधा पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण आहे. थांबताच ओसरतं, म्हणून हे मणक्याचं वाटत नाही : मणक्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा कमी आलं तर निदान होतं. मधुमेहात मात्र धमन्या कडक होऊन आकडा फसवा येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब आणि डॉप्लर तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

विडी आजच बंद. कोलेस्टेरॉलची एक आणि रक्ताची गुठळी रोखणारी एक अशा गोळ्या डॉक्टर देतील. त्या पायाइतक्याच हृदयासाठी असतात. चालणं सोडू देऊ नका : दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून किमान तीनदा. रोज रात्री तुम्ही स्वतः त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. चप्पल चावलेली बारीकशी जागाही चिघळते. जखम भरेना, बोट काळवंडलं तर लगेच दाखवा. पाय अचानक गार, बधिर पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.